अंडी संपेपर्यंत

बाबा आमच्याकडे आले ते एका पिशवीवर. दोन धोतरं, दोन बंड्या, दुपट्टा आणि गोळ्यांचा डबा. मी पिशवी कपाटात ठेवायला गेले तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पलंगाच्या पायथ्याशी, झोपल्या जागी हात पुरेल अशी ठेवली. "चार दिस राहतो माय," ते म्हणाले, "मंग जातो."

हिवाळा सरता सरता, हरभरा काढताना बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पडले होते. वावर माझा चुलतभाऊ बटईने, निम्म्या वाट्यावर, करतो. तो त्या दिवशी विहिरीवरची मोटार बघायला आला म्हणून बाबा सापडले, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणी तिकडे फिरकलं नसतं. इथे यवतमाळला डॉक्टरांनी त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला आणि बाबांना नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं ठेवू नका. गावी, उमरखेडच्या पुढे, बाबांचं तीन खोल्यांचं घर आहे आणि त्यात ते एकटेच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ नाही, बहीण नाही. जी काय आहे ती मी.

पण आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. माझे आजोबा आत्याच्या गावी गेले की तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. तहान लागली की उठून शेजाऱ्याकडे जायचे, आणि आत्या दारात उभी राहून रडायची. बाबा तितके कडक नाहीत. जेवतात, चहा घेतात. पण फुकटचं खाणं त्यांच्या घशाखाली उतरत नाही. आल्या आल्या त्यांनी गळका नळ बांधला, विळ्याला धार लावली, मागच्या दाराची कडी सरळ केली, कूलरच्या जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरलं. जावई, म्हणजे माझा नवरा, लोहारा एमआयडीसीतल्या कारखान्यातून घरी यायचा तेव्हा बाबा हातात पाना नाहीतर हातोडी घेऊन उभे असायचे, जणू मजुरी चुकती करत होते. मला त्याचा राग यायचा. माझा स्वभावच तापट आहे, आणि राग आला की मी भांडी आपटते. घरातली दुरुस्ती संपत आली तशी माझी भांडी जास्त वाजायला लागली, कारण काम संपलं की हा माणूस पिशवी उचलणार हे मला दिसत होतं.

"डॉक्टरांनी आणखी एकदा तपासायला बोलावलंय," मी म्हणायचे. नाहीतर, "ऊन किती आहे बाहेर, एसटीत शिजून जाल." ते मान हलवायचे आणि पिशवीकडे बघायचे.

अशात त्यांचं लक्ष माझ्या फिश टँककडे गेलं.

टँक माझा आहे. घरातल्या कुणाचा नाही, माझा. समोरच्या खोलीत भिंतीला लागून, लोखंडी स्टँडवर. त्यात मॉली होत्या, थोडे गप्पी आणि दोन एंजल, नर-मादी. रुपयाएवढे असताना आणले होते, ते तळहाताएवढे झाले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, येईल तेव्हा ड्रम भरून ठेवावा लागतो. त्या ड्रममधल्या पाण्यात माशांचा वाटा आधी काढते म्हणून नवरा मला चिडवतो. चिडवू दे. ऑफिसातून डोकं उठवून घेऊन आले की मी त्या काचेसमोर बसते आणि मग कुठे स्वयंपाकाला उठते.

बाबा येण्याच्या थोडं आधी मी एका ओळखीच्या बाईकडून पाणवनस्पतीची जुडी आणली होती. धुतली, खोचली, खूश झाले. त्या पानांमागे काय चिकटून आलं हे मला दिसलं नाही. मग एक दिवस काचेवर मसुराच्या दाण्याएवढी गोगलगाय. मग चार. मग मोजायचं सोडून दिलं. पानांवर, काचेवर, पाइपावर त्यांची अंडी. भिजवलेला सब्जा ताटलीला चिकटतो ना, तसा पारदर्शक बुळबुळीत ठिपका आणि आत बारीक बारीक टिंबं. जुन्या एटीएम कार्डाने मी ती खरवडायचे, शिव्या द्यायचे, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

बाबा खुर्ची ओढून काचेपाशी बसले. चष्मा वर केला, खाली केला. मग वळून मला म्हणाले, "बाई, हे गोगलगायीचे अंडे हायेत."

"हो, माहीत आहे."

"माहीत हाय, आन् तू पोया लाटून राह्यली?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मी लाटणं ठेवलं. मागे एका पावसाळ्यात त्यांच्या वावरात शंखी गोगलगायी पडल्या होत्या. सोयाबीन दोन पानांवर आलं की रात्रीतून साफ. सकाळी जावं तर ओळीच्या ओळी नुसत्या काड्या. दुबार पेरलं, तेही खाल्लं. बाबांचा उपाय एकच होता. बारदान्याचे, म्हणजे जुन्या पोत्याचे, तुकडे गुळाच्या पाण्यात बुडवायचे, संध्याकाळी वावरात जागोजागी अंथरायचे, आणि सकाळी उचलायचे. गुळाच्या वासाने गोगलगायी त्याखाली जमायच्या. त्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. "जिवंत हाय ते वेचता येते," ते मला फोनवर सांगायचे, "मातीतल्या अंड्याचं काय करावं? साबुदान्यावानी पडले राहते. पाऊस आला का पुन्हा हजर." तिसऱ्यांदा पेरायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो तुकडा पडीक ठेवला. त्या वर्षी ते फोनवर फारसं बोललेच नाहीत.

"बाबा, या वेगळ्या. या पाण्यातल्या. पीक नाही खात."

"जात एकच," ते म्हणाले. "मीठ दे वाटीत."

तेव्हापासून टँक त्यांचा झाला. सकाळी चहा झाला की खुर्ची, वाटी, चिमटा. संध्याकाळी काकडीची चकती दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायचे आणि तिच्यावर गोगलगायी चढल्या की अलगद वर काढायचे. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मोबाइलवर हाच उपाय लोक सांगतात, मला नंतर कळलं. अंड्यांसाठी ते एकेक पान बोटांच्या चिमटीत धरून उलटं करायचे, कापसाच्या बोंडात कीड बघतात तसं, आणि अंगठ्याच्या नखाने तो ठिपका उचलायचे. पान फाटायचं नाही. माझ्या कार्डाने काचेवर ओरखडे पडले होते, त्यांच्या नखाने काही झालं नाही. एंजल आधी कोपऱ्यात दबून बसायचे, मग त्यांच्या हाताला सरावले.

दोन-चार दिवस मी सुखात होते. बाबांना काम मिळालं होतं. ते जेवणावर बोलायला लागले, टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवायला लागले, जावयाला कापसाचे भाव विचारायला लागले. पिशवीची आठवण कुणाला नव्हती असं मला वाटलं.

मग एका रात्री मी त्यांच्या पानात पोळी वाढत होते तेव्हा ते म्हणाले, "अंडे संपले का मी निघतो. पेरनीच्या आत गावात पाह्यजे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा पेला उचलला.

त्या दिवसापासून माझं डोकं उलटं चालायला लागलं. सकाळी उठून दात घासायच्या आधी मी टँकपाशी जायचे आणि अंडी शोधायचे. पानामागे ठिपका दिसला की छातीवरचं ओझं उतरायचं. नाही दिसला की पुढचं पान उलटायचे. काल-परवापर्यंत ज्यांना मी शिव्या देत होते त्यांच्यासाठी मी आता मनातल्या मनात नवस बोलत होते. घाला गं बायांनो, आणखी घाला. नवरा मागून म्हणाला, "हळदीकुंकू लावायचं राहिलंय बघ त्यांना." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

माशांना थोडं जास्त खाणं टाकलं की उरलेलं गोगलगायी खातात आणि वाढतात, हे मला ठाऊक होतं. दोनदा डबी हातात घेतली. पण जास्त खाण्याने पाणी बिघडतं, आणि मासे माझे होते. डबी ठेवून दिली आणि दिवसभर ऑफिसात चुकीच्या फायली काढत बसले.

बाबांचा हात मात्र थांबत नव्हता. काचेवरच्या गोगलगायी संपल्या. पाइपावरच्या संपल्या. वाळूत लपलेल्या वर आल्या की संपायच्या. संध्याकाळची काकडी रिकामी निघायला लागली. त्यांना त्याचा आनंद व्हायचा आणि तो आनंद बघून मला धडकी भरायची. गावातल्या त्या घराची मागची खोली, तिथली ती मोरी, रात्री उठले आणि पडले तर आवाज कुणाला जाणार, हे सगळं मला भाजी चिरताना दिसायचं. फोन वाजला की वाटायचं, हाच तो फोन. बाबा समोरच्या खोलीत बसलेले असायचे तरी वाटायचं.

शेवटी तो दिवस आला. संध्याकाळी बाबांनी सगळी पानं उलटी करून बघितली, विजेरी मारून मागची काच बघितली, आणि हात पुसत म्हणाले, "झालं वाटते. उद्या सकायच्या गाडीनं जातो. जवाई मले स्टँडवर सोडतीन."

"तपासणी आहे तुमची."

"उमरखेडले बी डाक्टर हायेत."

"इतक्या उन्हात?"

"सकायची गाडी हाय म्हनलं ना."

माझी सबब संपली आणि तोंड सुटलं. "जा! जा, तुम्हाला काय! तिकडे धुऱ्यावर पडून राहा पुन्हा. या वेळी कुणी बघायला आलं नाही तरी चालेल तुम्हाला. मीच वेडी!" मी आत गेले आणि हातात आलं ते पातेलं ओट्यावर आपटलं. नवरा मागून आला आणि त्याने गॅस बंद केला. बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. आम्ही तिघे लवकरच झोपलो, म्हणजे दिवे बंद करून पडलो.

सकाळी मला जाग आली ती शांततेने. पंखा बंद, कूलर बंद. लाइट गेली होती. इन्व्हर्टरची बॅटरी उन्हाळा लागताच बसली होती, ती बदलायची राहिली होती. मी सवयीने टँकपाशी गेले आणि आधी मला कळलंच नाही की मी काय बघतेय. पाणी दुधाळ झालं होतं, तांदूळ धुतल्यासारखं. मागची भिंत दिसत नव्हती. फिल्टर गप्प. आणि वर, पाण्याला तोंडं लावून, सगळे मासे. मॉली, गप्पी, दोन्ही एंजल. तोंड उघडत होते, मिटत होते. एक एंजल आडवा व्हायला लागला होता.

पाण्यात, एका कोपऱ्यात, बारदान्याचा तुकडा तरंगत होता. मी तो ओढून काढला. हाताला चिकट लागला.

"बाबा!"

ते उठून बसले. अंगात प्रवासाचे धुतलेले कपडे घालून तयार होऊन पुन्हा पडले होते. त्यांनी टँक बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्या रात्री टाकला," ते म्हणाले. "म्हनलं, जाच्या आधी एकदा पक्कं करून जाव. एखादी रेतीत राह्यली असन तर येईन गुयाले. लेकीच्या घरी अर्धं काम टाकून कसं जाव?"

उघड्या वावरात गूळ मातीत जिरतो. चार काचांच्या आत तो कुठे जाणार? रात्रभर त्या उकाड्यात पाणी आंबलं होतं, आणि त्यातली हवा संपली होती. हे त्यांना मी एका वाक्यात सांगितलं. ओरडून सांगितलं का, मला आठवत नाही.

नवरा गाडीची किल्ली घेऊन बाहेर आला होता. त्याने किल्ली टाकली आणि ड्रमकडे धावला. मी नळी लावून टँकचं पाणी बादलीत काढायला लागले. तो ड्रममधलं पाणी आणून ओतायला लागला. पुढचं पाणी कधी येणार याचा पत्ता नव्हता, तरी तो ओतत राहिला. पाणी बदलून भागणार नव्हतं, पाण्यात हवा जायला हवी होती आणि पंप बंद होता. बाबांनी स्वयंपाकघरातून पितळी गडवा, मोठा तांब्या, आणला, टँकमधलं पाणी भरलं, हात डोक्याच्या वर नेला आणि तिथून धार सोडली. पाणी पडलं, फेस आला. पुन्हा भरला, पुन्हा वर नेला.

"बाबा, मी करते. द्या इकडे."

"तू नयी धर." त्यांनी मानेनेच नळी दाखवली.

गडवा वर, धार खाली. गडवा वर, धार खाली. धोतर भिजलं, फरशीवर पाणी झालं. आडवा झालेला एंजल थोडा सरळ झाला, पुन्हा आडवा झाला आणि मग एका कुशीवर तसाच तरंगत राहिला. मी त्याला बोटाने ढकललं. तो हलला नाही. बाबांनी ते बघितलं आणि हात आणखी जोरात चालवला. बाकीचे मासे अजून वरच होते. तोंड उघडत होते, मिटत होते. आणि तेव्हा माझ्या कानावर दुसरा आवाज आला. बाबांचा श्वास. तोंडाने घेत होते, तुटक. कपाळावर घाम होता, ओठ कोरडे पडले होते. डावा हात त्यांनी टँकच्या स्टँडला धरला होता, आणि उजवा हात गडवा घेऊन वर जात होता.

"बाबा, बसा."

"मासे मरतीन तुहे."

"मरू द्या!" मी किंचाळले. "सगळे मरू द्या! तुम्ही बसा!"

नवरा बादली घेऊन दारात थांबला. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी गेली असन आता. दुपारून दुसरी हाय."

"कशाला जाता? कोण आहे तिथं? का जाताय तुम्ही?"

त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. गडव्यातून पाणी त्यांच्याच पायावर सांडत राहिलं.

"आन् राहू कसा?" ते म्हणाले. "डाक्टर नाई म्हनते. तपासनी हाय म्हनते. ऊन हाय म्हनते. तू म्हनली काय एकदा तरी? लेकीच्या घरी बाप आपल्या मनानं बसत नाई माय. मी रोज उद्या जातो म्हनून राह्यलो, का आज तरी कोनी म्हनन."

इतके आठवडे मी डॉक्टरला पुढे केलं, उन्हाला पुढे केलं, शेवटी त्या गोगलगायींच्या अंड्यांवर भरवसा ठेवला. भांडी आपटली. धुऱ्यावर पडा म्हणाले. तो एक शब्द तेवढा माझ्या तोंडातून कधी बाहेर पडला नव्हता. मला वाटत होतं, तो त्यांना ऐकू जातोच आहे.

"राहा," मी म्हणाले. आवाज फुटला नाही नीट.

बाबांनी गडवा पुन्हा भरला. "जोरात म्हन," ते म्हणाले. "जवायाले बी ऐकू जाऊ दे."

मी जोरात म्हणाले. इतक्या जोरात की शेजारची बाई कंपाउंडपाशी येऊन काय झालं म्हणून विचारायला लागली. नवऱ्याने बादली खाली ठेवली, पाण्यातून चालत पुढे आला आणि म्हणाला, "मामाजी, मलाही ऐकू आलं. आता बसा." त्याने त्यांच्या हातातून गडवा घेतला, आणि बाबा बसले.